आपला रस्ता कोणाच्या वहीत?

मंडळी, यंदा पावसाळ्याच्या तोंडाला आठ दिवस मुंबईला लेकीकडे राहून आलो. लेक वाकोल्यात राहते. सांताक्रूझ स्टेशनात उतरून पूर्वेच्या अंगाने बाहेर पडायचे, चालत पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडायचा, की वाकोला लागते. डोक्यावर पूल, पुलाखाली रिक्षा, आणि सकाळी सातपासून गाड्यांची अशी रीघ की आपल्या यात्रेतल्या गर्दीने लाजावे.

जन्म शेतीखात्यात गेला, त्यामुळे सकाळी पिशवी घेऊन बाजारात गेलो तरी भाव विचारण्याआधी माल बघायची खोड. टोमॅटोचा ढीग होता. वरचा माल झकास, खाली हात घातला तर चार-पाच फळे फुटलेली. भाजीवाल्या बाई म्हणाल्या, "काका, वरचेच घ्या. खालचे दबलेत. घाटावरचा माल हाय, वाटेत हादरे बसतात."

"घाटावर कुठला?"

"जुन्नरकडचा असंल. मीबी तिकडचीच. भाऊ करतो ना टोमॅटो."

आणि मग त्यांनी मला उलटा प्रश्न केला. "काका, एवढे मोठे मोठे पूल झाले इथं. आमच्या मळ्यापतूर रस्ता का होत न्हाई?"

मी विस्तार अधिकारी. बियाणे, खते, कीड, रोग यांविषयी विचारा, उभ्या उभ्या सांगेन. पण या प्रश्नाचे उत्तर तिथल्या तिथे देता आले नाही. घरी आल्यावर वहीत लिहीत बसलो. तेच आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

तो टोमॅटोचा क्रेट वाकोल्यापर्यंत कसा आला, ते आधी पाहू. मळ्यातून तो निघाला पाणंदीने, बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. पाणंद संपली तिथे गावचा रस्ता लागला. गावच्या रस्त्याने जिल्हा मार्ग गाठला, जिल्हा मार्गाने नारायणगावचा बाजार. तिथे ट्रकमध्ये चढून तो नाशिक-पुणे महामार्गावर आला. आळेफाट्याहून माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे म्हणा, नाहीतर चाकण-तळेगावकडून पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाने म्हणा, वाशीच्या बाजारात पोचला. वाशीहून खाडीपूल ओलांडून सायन-पनवेल महामार्गाने चेंबूर, आणि चेंबूरहून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने थेट वाकोला. हा जोडरस्ता सुमारे साडेसहा किलोमीटरचा. त्याचे काम २००३ साली सुरू झाले आणि तो खुला झाला २०१४ साली. म्हणजे मुंबईतसुद्धा रस्ता काही मनात आले आणि झाले, असा होत नाही. झोपड्या हलवा, रेल्वेची परवानगी आणा, यात वर्षे जातात.

आता या सगळ्या प्रवासात टोमॅटो फुटला कुठे? दोनशे किलोमीटरच्या डांबरावर तो फारसा फुटत नाही. फुटतो तो पहिल्या दोन किलोमीटरांत, पाणंदीच्या खाचखळग्यांत. ट्रॉलीत क्रेटवर क्रेट रचलेले असतात, वरचा काठोकाठ भरलेला, आणि चाक एकदा खड्ड्यात गेले की वरच्या क्रेटचे बूड खालच्या फळावर बसते. (क्रेट चार बोटे मोकळा ठेवा, हे मी वीस वर्षे सांगतो आहे. असो.)

त्या प्रवासातला प्रत्येक तुकडा वेगळ्या धन्याचा आहे. ज्या रस्त्याला धनी आहे तो दुरुस्त होतो, ज्याला नाही तो पडून राहतो. वाकोल्याच्या पुलाखालचा महामार्गच घ्या. तो आधी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होता, मग एमएमआरडीएकडे गेला, आणि २०२२ सालच्या अखेरीस मुंबई महापालिकेकडे आला. रस्ता तोच, खड्डेही तेच, पण तक्रार घेऊन जायचे दार दोनदा बदलले. शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही हे दार सापडत नाही, तर आपली काय कथा!

साहेबाच्या काळापासून

पूर्वी वाकोला हे साष्टी बेटातले गाव होते. भाताची खाचरे, कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेतकऱ्यांची वस्ती. मुंबई आणि साष्टी यांच्या मध्ये माहीमची खाडी. माल न्यायचा तर होडीतून, आणि होडी उलटून माणसे मरत. कंपनी सरकार बांध घालायला पैसा देईना. शेवटी जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई यांनी पदरचे दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा बांध-रस्ता झाला. अट एकच घातली, की येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. आजचे टोलनाके पाहिले म्हणजे त्या बाईंची आठवण होते.

वाकोल्याजवळून कुर्ल्याकडे जातो त्या रस्त्याला सीएसटी रोड म्हणतात. पुष्कळांना वाटते हे नाव बोरीबंदरच्या स्टेशनावरून पडले. तसे नाही. तुर्भ्याहून अंधेरीपर्यंत १९२८ ते १९३४ एवढी सहा वर्षे एक रेल्वे चालली होती, सेंट्रल साल्सेट ट्रामवे नावाची, तिची ती आठवण.

देशभरच्या रस्त्यांना शिस्त लावण्याचे पहिले मोठे काम एका मराठी माणसाच्या हातून झाले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली एक समिती नेमली गेली. रस्ते बांधण्याचा भार प्रांतांना आणि लोकल बोर्डांना एकट्याने झेपणारा नाही, तो साऱ्या देशाचा प्रश्न आहे, असे समितीने सांगितले. पैसा कुठून आणायचा? तर पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून. त्यातून १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. जो गाडी फिरवतो त्याने रस्त्याला पैसा द्यावा, असा साधा हिशेब.

मग डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. तिलाच नागपूर योजना म्हणतात. आपण आज जी नावे वापरतो ती तिथे पक्की झाली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतांचे म्हणजे आजचे राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ते. शंभर चौरस किलोमीटरला सोळा किलोमीटर रस्ता हवा आणि चांगल्या पिकाऊ मुलखातले कुठलेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नको, असे माप धरले होते. पाच मैल! पण त्या काळी तेही मोठे वाटत होते. पुढे १९६१ ते ८१ च्या योजनेत माप दुप्पट केले. १९८१ च्या योजनेत शंभर चौरस किलोमीटरला ब्याऐंशीपर्यंत नेले आणि पाचशेच्या वरची वस्ती असलेले प्रत्येक गाव बारमाही रस्त्याने जोडावे असे ठरवले.

एक गंमत सांगतो. अमेरिकेत केंद्र सरकारने रस्त्यांसाठी पहिली कचेरी १८९३ साली काढली, ती कोणत्या खात्यात? शेतीखात्यात! शेतकऱ्याला चिखलातून बाहेर काढायचे, ही तिथली हाळी होती. १९१६ साली केंद्राने राज्यांना रस्त्यांसाठी पैसा द्यायचा कायदा केला, त्याचेही काम शेतीखात्याकडेच दिले. त्यांचे 'कौंटी' म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे. राज्याचे मोठे रस्ते राज्याने पाहायचे, शेताकडचे रस्ते कौंटीने. आपल्याकडे तीच वाटणी १९६२ च्या १ मे रोजी जिल्हा परिषदा आल्या तेव्हापासून आहे.

तर ही वाटणी नीट ध्यानात घ्या. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. कागदावर त्यांची तुटक नावे असतात, प्रजिमा, इजिमा, ग्रामा, आणि पुढे क्रमांक. शेताच्या पाणंदी आणि शिवरस्ते गावनकाशात असतात, पण ते या यादीत येतातच असे नाही. बाईंच्या भावाचे घोडे नेमके तिथे अडले असणार.

एका गावाची गोष्ट

मी नोकरीला नवा होतो तेव्हाची हकीगत. गावाचे नाव सांगत नाही. मुख्य रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत, ऐंशी-नव्वद उंबऱ्यांचे गाव. जमीन काळी, कसदार. संकरित गायींची योजना आली होती आणि मीच घरोघर जाऊन लोकांना गायी घ्यायला लावल्या. चौदा घरांत गायी आल्या. उन्हाळाभर दुधाचा टेम्पो गावात येई. मृग बरसला आणि टेम्पो फाट्यावरच थांबू लागला. मग पोरे सायकलला किटल्या अडकवून चिखलातून फाट्यावर जात. चाकात काळी माती भरली की सायकल खांद्यावर आणि किटली हातात. टेम्पो निघून गेला की दूध परत. नासले की ओतायचे. दोन पावसाळे लोकांनी सोसले. तिसऱ्या पावसाळ्याआधी नऊ घरांनी गायी विकल्या. एका म्हातारबाबांनी मला तोंडावर सांगितले, "साहेब, गाय चांगली होती. तुम्ही वाट बघायला इसरला." ते शब्द अजून कानात आहेत.

मग आम्ही रस्त्याच्या मागे लागलो. एका कचेरीत गेलो, तिथे सांगितले, हा रस्ता आमचा नाही. दुसरीत गेलो, तिथेही तेच. तिसऱ्या खेपेला एका जुन्या कारकुनाने कपाटातून रस्त्यांची नोंदवही काढून दाखवली. त्यात आमचा रस्ता नव्हताच! म्हणजे जमिनीवर अडीच किलोमीटर रस्ता, आणि वहीत शून्य.

झाले होते असे, की तो रस्ता १९७२ च्या दुष्काळातला. तुमच्यापैकी ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. बायाबापड्या खडी फोडत होत्या, पोरांना सुकडी मिळत होती. रोजगार हमीची कल्पना सांगलीकडच्या विसापूरच्या वि. स. पागे साहेबांची. १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कामांतून महाराष्ट्रात खेडोपाडी रस्त्यांची माती पडली. पण काम संपले, हजेरीपट बंद झाला, आणि पुष्कळ ठिकाणी तो रस्ता पुढे कोणी सांभाळायचा याचा कागदच झाला नाही. आमच्या म्हातारबाबांनी स्वतः त्या रस्त्यावर खडी फोडली होती. त्यांनी ग्रामसभेत उभे राहून कुठून कुठवर काम झाले ते सांगितले. ठराव झाला, पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत गेला, आराखड्यात रस्ता घेतला गेला, त्याला ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक पडला. पुढे काही वर्षांनी पंतप्रधान ग्रामसडक योजनेत त्यावर डांबर आले. ही योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. पाचशेच्या वरच्या आणि डोंगरी-आदिवासी भागात अडीचशेच्या वरच्या वस्त्यांसाठी ती होती. आज तिथे टेम्पो बारा महिने जातो. ज्या नऊ घरांनी गायी विकल्या त्यांतल्या सात घरांनी मात्र पुन्हा दावणीला गाय बांधली नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की आपल्या गावच्या रस्त्याचा क्रमांक आधी शोधा. मैलाच्या दगडाकडे पाहिले तरी थोडे कळते. डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्याचा, काळे किंवा निळे असेल तर जिल्हा मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण. दगडच नसेल, किंवा रंग उडाला असेल, तर ग्रामपंचायतीत जा, पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात जा, आणि रस्त्यांची यादी मागा. रस्ता कुठून कुठपर्यंत धरला आहे तेही बघा. पुष्कळदा गावठाणाशी यादी संपते आणि पुढच्या वस्त्या बाहेर राहतात. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याला कडेला फलक असतो. त्यावर काम पुरे झाल्याची तारीख पाहा. पहिली पाच वर्षे देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते. चौथ्या वर्षी खड्डे पडले तर गप्प बसू नका.

दर्जा पाहायचे आणखी एक कारण. राज्य महामार्गासाठी मोकळ्या मुलखात साधारण पंचेचाळीस मीटर रुंद जागा धरतात, प्रमुख जिल्हा मार्गाला पंचवीस, इतर जिल्हा मार्गाला पंधरा, ग्रामीण मार्गाला बारा. रस्त्याचा दर्जा वाढला की ही रुंदीही वाढते. पोराला रस्त्याकडेला दुकान काढून द्यायचे असेल तर पाया खणण्याआधी बांधकाम खात्याच्या उपविभागात जाऊन इमारत रेषा विचारून घ्या. कर्ज काढून बांधलेला गाळा पुढे पाडावा लागलेली दोन घरे माझ्या पाहण्यात आहेत.

रस्त्याचा वैरी पाणी

आता थोडे कडू बोलतो. रागावू नका. रस्ता ठेकेदाराच्या चोरीने खराब होतो हे खरेच, पण आपल्या हातूनही होतो.

काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे तुम्हाला मी काय सांगणार! तिच्यावर नुसती खडी टाकली तर दोन पावसांत खडी मातीच्या पोटात जाते. म्हणून खाली मुरुमाचा जाड थर, त्यावर दगडाचे सोलिंग, मग खडी, मग डांबर. आणि रस्त्याला पाठ हवी, म्हणजे मधोमध उंच आणि दोन्ही अंगांना उतार. पाणी गटारात गेले पाहिजे. गटार मोरीला मिळाले पाहिजे, आणि मोरी ओढ्याला. या साखळीतली एक कडी तुटली की रस्ता संपला. गंमत अशी, की शेतातला चर आणि रस्त्याचे गटार यांचे शास्त्र एकच आहे. पिकाच्या मुळाशी पाणी साचले की मूळ कुजते, रस्त्याच्या पायाशी साचले की पाया बसतो.

आणि आपण काय करतो? दोन तास जादा मिळावेत म्हणून गटार नांगरून शेतात घेतो. मोरीच्या तोंडाशी पाचट आणि तुराट्या टाकतो. पलीकडच्या रानात पाणी न्यायला रात्रीत डांबर फोडून पाइप टाकतो आणि वर माती लोटतो. चिखलणीची लोखंडी चाके तशीच लावून ट्रॅक्टर डांबरावरून घरी आणतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या भरतो त्या रस्त्याला झेपतात का, हे कोणी पाहत नाही. पाण्यापुढे मुंबईचीही मात्रा चालत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडे दुष्काळी टापूत दोन वर्षांत एवढा पडला तर नशीब. वाकोल्याचा नाला मिठी नदीला मिळतो. नाला-नदी दोन्ही तुंबलेली, दोन्ही काठ भरावाने आवळलेले. लेकीचे शेजारी सांगतात, त्या दिवशी महामार्गावर गाड्या सोडून माणसे छातीभर पाण्यातून चालत घरी गेली.

पाणंदीचे भांडण निराळे. तिथे पाण्याहून भाऊबंदकी मोठी. नकाशातली पाणंद दोन्ही बाजूंनी कोरत कोरत बैलगाडीपुरती आणि मग पायवाटेपुरती उरते. शेजाऱ्याने वापरातली वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे. सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली ती शेत-पाणंद रस्त्यांसाठीच. योजनांची नावे बदलत राहतात, सध्या कोणती चालू आहे ते आपल्या ग्रामसेवकाला विचारा. कोणतीही असो, अतिक्रमण निघाल्याशिवाय पाणंदीवर मुरुम पडत नाही. आणि ते पोलीस आणून काढण्यापेक्षा चार वडीलधाऱ्यांना बसवून काढलेले टिकते, असा माझा अनुभव आहे.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा त्या बाईंकडे गेलो. त्यांना म्हटले, "ताई, भावाला फोन लावा." त्यांनी लावून दिला. गर्दीत, एका कानात बोट घालून, मी त्याला यादी कुठे मिळते ते सांगितले. बाईंनी त्या दिवशी टोमॅटोचे पैसे घ्यायला नकार दिला. मी बळेच दिले.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. यादी मिळाली. रस्ता ग्रामीण मार्ग म्हणून लागलेला आहे, पण गावातल्या मारुतीच्या देवळापर्यंतच. तिथून मळ्याकडची दीड किलोमीटर पाणंद यादीत नाही. गावनकाशात मात्र ती दुहेरी तुटक रेघेने दाखवली आहे. दोन ठिकाणी बांध पुढे आलेला आहे, त्यातला एक बांध त्याच्या चुलत्याचा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा, त्याआधी चुलत्याच्या घरी जाऊन बसायचे, असे आमचे ठरले आहे. नकाशाची नक्कल काढायला त्याने अर्ज टाकला आहे.